बॅकपच्या स्क्रिप्टमधील संदेशांचा पसारा व त्याचे नियमन

संगणकावरील फाइलींची राखीव प्रत घेण्याचे, म्हणजेच बॅकपचे, काम बहुधा रात्री, पडद्यासमोर कोणीही नसताना, एखाद्या स्क्रिप्टकडून करवून घेतले जाते. ही स्क्रिप्ट ज्या साधनांकरवी प्रत्यक्ष नक्कल करते ती साधने मात्र पडद्यासमोर बसलेल्या माणसाचाही विचार करून घडविलेली असतात. काम चालू आहे असा दिलासा माणसाला हवा असतो. म्हणून फाइलीचे नाव, तिचा आकार, झालेल्या कामाची टक्केवारी, वेग, उरलेला वेळ असा तपशील ती मागितल्यास, आणि काही साधने न मागताही, सांगत राहतात. दिलासा घेणारा कोणी नसला म्हणजे हाच तपशील टपालात किंवा नोंदीच्या फाइलीत साचत जातो. बॅकपच्या संदेशांचा पसारा होतो तो असा.

या पसाऱ्याकडे केवळ गैरसोय म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. समजा, एखाद्या विभागाच्या संशोधन-सामग्रीत दोन लक्ष फाइली आहेत आणि पहिल्या रात्री प्रत्येक फाइलीमागे एक ओळ लिहिली गेली. त्या दोन लक्ष ओळींत ‘परवानगी नाकारली’ अशा अर्थाची एखादी ओळ असेल, तर ती नेमकी जिची प्रत झालेली नाही अशा फाइलीची वार्ता असते. संपूर्ण नोंदीत वाचण्यायोग्य अशी ओळ ती एकच, आणि ती वाचली जाण्याचा संभव सर्वांत कमी. रोज सकाळी येणारे असे पत्र पहिले काही दिवस उघडले जाते, पुढे नुसते चाळले जाते, आणि अखेर न पाहताच बाजूला सारण्याची व्यवस्था केली जाते. रुग्णालयांतील यंत्रांच्या इशारा-घंटांविषयी हाच अनुभव फार महागात पडलेला आहे. अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात घंटांशी संबंधित अशा ९८ घटनांची नोंद असून त्यांपैकी ८० घटनांत रुग्ण दगावल्याचे म्हटले आहे. त्यांत घंटा अयोग्य रीतीने बंद करून ठेवल्याच्याही घटना होत्या. जे वारंवार निष्कारण वाजते ते बंद करण्याकडे माणसाची प्रवृत्ती असते, आणि बॅकपच्या बाबतीतही पुष्कळदा तेच घडते: कंटाळलेला व्यवस्थापक एके दिवशी सर्व संदेश शून्यात लोटून देतो. पसारा आवरणे व मुकेपणा पत्करणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीच्या नावाखाली दुसरी केली जाते ही खरी अडचण आहे.

संदेशांचे नियमन करण्यास आवश्यक ती मूळ योजना युनिक्स प्रणालीत पूर्वीपासून आहे. प्रत्येक प्रक्रियेला लिहिण्यासाठी दोन ओघ मिळतात. क्रमांक १ चा ओघ ‘स्टँडर्ड आउटपुट’ म्हणजे कामाचे फलित. क्रमांक २ चा ओघ ‘स्टँडर्ड एरर’ म्हणजे अडचणीचे निवेदन. आरंभी हा दुसरा ओघ नव्हता. १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत छायाचित्र-जुळणीचे यंत्र आले, तेव्हा चुकीचे संदेशही फलिताबरोबर महागड्या कागदावर सुबक अक्षरांत जुळून येऊ लागले आणि त्यातून दुसऱ्या ओघाची गरज पटली, असे तेथील मंडळींनीच सांगून ठेवले आहे. बॅकपच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. फक्त पहिला ओघ ‘डेव्ह-नल’ या शून्य-उपकरणाकडे वळविला व दुसरा मोकळा ठेवला, तर नावांची यादी नाहीशी होते आणि अडचणी तेवढ्या उरतात.

ठरलेल्या वेळी कामे करविणारा क्रॉन हा कार्यक्रम याच योजनेवर अवलंबून आहे. चालविलेल्या आज्ञेने कोणत्याही ओघावर एक अक्षर जरी लिहिले, तरी क्रॉन ते संबंधित व्यक्तीस टपालाने पाठवितो. काहीच लिहिले नाही, तर तोही मौन राखतो. यशस्वी आज्ञेने काही बोलू नये ही युनिक्सची जुनी रीत येथे उपयोगी पडते. क्रॉनच्या टपालावर विसंबण्यापूर्वी त्या संगणकावर टपाल पाठविणारी यंत्रणा बसविलेली आहे ना, हे पाहून घ्यावे. ती नसेल तर हे सर्व लिखाण टाकून दिले जाते, आणि ज्याला ‘शांतता’ समजले जाते ती निव्वळ अनास्था असते.

ओघ वळविताना क्रमाला महत्त्व आहे, आणि विद्यार्थी येथे हमखास चुकतात. ‘२ ला १ च्या ठिकाणी वळवा’ या आज्ञेचा अर्थ ‘१ या क्षणी जेथे जात आहे तेथे’ असा आहे. पुढे १ कोठे जाईल याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून प्रथम १ शून्याकडे व मग २ ला १ च्या ठिकाणी असे लिहिल्यास दोन्ही ओघ शून्यात जातात; हाच तो मुकेपणा. उलट क्रमाने लिहिल्यास अडचणीचे संदेश फलिताच्या मूळ मार्गाने बाहेर येतात व केवळ फलित शून्यात जाते. ही उलट मांडणी सामान्यतः चूक म्हणून दाखविली जाते. परंतु केवळ अडचणीचे संदेश पुढच्या एखाद्या गाळणीकडे द्यावयाचे असतील, तेव्हा तीच योग्य मांडणी ठरते.

तथापि साधन मुळातच कमी बोलत असेल तर ओघ वळविण्याचा प्रसंग येत नाही, आणि हा मार्ग अधिक चांगला. आरसिंकचे उदाहरण घ्यावे. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले हे साधन फाइलीचा बदललेला भागच तेवढा पाठविण्याच्या युक्तीसाठी प्रसिद्ध आहे. त्या युक्तीचे विवेचन ट्रिजेल यांच्या १९९९ च्या प्रबंधात आहे. काहीही न सांगता चालविल्यास आरसिंक यशस्वी कामाबद्दल जवळजवळ मूक असते. त्याला वाचाळ करतो तो ‘व्ही’ हा पर्याय, आणि पुष्कळशा स्क्रिप्टमध्ये तो केवळ सवयीने आलेला असतो: स्क्रिप्ट प्रथम हाताने चालवून पाहताना घातलेला, आणि मग तसाच राहिलेला. अशा वेळी मौन राखण्याचा ‘क्यू’ हा पर्याय वर जोडण्यापेक्षा ‘व्ही’ काढणे हाच पहिला उपाय. ‘क्यू’चा खरा उपयोग दूरच्या सर्व्हरकडून येणारे माहितीपर संदेश थांबविण्यासाठी आहे.

‘प्रोग्रेस’ या पर्यायाची गोष्ट जरा निराळी आहे. टक्केवारी पडद्यावर एकाच ओळीत बदलताना दिसते याचे कारण साधन दर वेळी नवी ओळ सुरू न करता ‘कॅरेज रिटर्न’ हे चिन्ह पाठविते व तीच ओळ पुन्हा लिहिते. टंकलेखन-यंत्राची गाडी मागे सरकविण्याचीच ही क्रिया. पडद्यावर जुना मजकूर पुसला जातो. फाइलीत मात्र काहीच पुसले जात नाही. दहा, अकरा, बारा टक्के असे सर्व टप्पे एकामागोमाग साचून हजारो अक्षरांची एकच अजस्र ओळ तयार होते. ओळींनुसार शोध घेणाऱ्या साधनाच्या दृष्टीने ही सगळी एक ओळ असल्याने त्या ओळीत अडकलेला चुकीचा संदेश वेगळा काढणेही दुष्कर होते. टक्केवारी दाखविणारा कोणताही पर्याय बॅकपच्या स्क्रिप्टमध्ये असू नये. माणूस समोर आहे की नाही हे स्क्रिप्टला तपासता येते, कारण १ चा ओघ टर्मिनलला जोडलेला आहे काय असा प्रश्न शेलमध्ये विचारता येतो. त्या उत्तरानुसार टक्केवारी दाखवावी अथवा गाळावी.

२०१३ मध्ये आलेल्या ३.१.० या आवृत्तीपासून आरसिंकला ‘इन्फो’ हा पर्याय मिळाला आणि कोणत्या प्रकारची माहिती हवी हे प्रकारवार सांगता येऊ लागले. आरशाप्रमाणे हुबेहूब प्रत ठेवण्यासाठी मूळ ठिकाणी नाहीशा झालेल्या फाइली प्रतीतूनही काढून टाकण्याचा ‘डिलीट’ पर्याय वापरतात, तेथे याचे महत्त्व विशेष आहे. फाइल नव्याने आली ही वार्ता सामान्य आहे. फाइल काढून टाकली ही वार्ता तशी नाही. मूळ ठिकाणी कोणी चुकून एखादा फोल्डर पुसला असेल, तर त्या रात्रीचा बॅकप तीच चूक इमाने-इतबारे प्रतीवर उतरवितो. म्हणून नावांची यादी न मागता फक्त ‘डेल’ हा प्रकार चालू ठेवावा. त्यायोगे नोंदीत केवळ काढून टाकलेल्या फाइलींची नावे येतात. एका फेरीत जास्तीत जास्त किती फाइली काढाव्यात याची मर्यादा ‘मॅक्स-डिलीट’ने घालता येते, आणि ती गाठली गेल्यास आरसिंक पुढील फाइली काढण्याचे थांबवून २५ हा समाप्ती-अंक देते. याहून अधिक तपशील हवा असेल तर ‘आयटमाइझ चेंजेस’ हा पर्याय प्रत्येक बदलासाठी अकरा अक्षरांचा एक सांकेतिक शब्द लिहितो: पहिले अक्षर क्रियेचे, दुसरे वस्तूच्या प्रकाराचे, बाकीची आकार, वेळ, परवानगी, मालकी वगैरे काय बदलले याची. माणसाने वाचण्यासाठी तो रुक्ष आहे. गाळणीसाठी मात्र उत्तम, कारण अक्षराचे स्थान निश्चित असते.

विंडोजवरील रोबोकॉपीची प्रकृती याच्या नेमकी उलट आहे. आरंभी एनटी प्रणालीच्या रिसोर्स किटमधून मिळणारे व व्हिस्टापासून प्रणालीतच समाविष्ट झालेले हे साधन काहीही न सांगता चालविल्यास सर्व काही बोलते. ते टप्प्याटप्प्याने गप्प करावे लागते: ‘एनपी’ने टक्केवारी, ‘एनएफएल’ने फाइलींची यादी, ‘एनडीएल’ने फोल्डरांची यादी, ‘एनजेएच’ने आरंभीचा मथळा जातो. ‘एनजेएस’ने शेवटचा गोषवाराही जातो, पण तो घालवू नये, कारण किती फाइली उतरल्या, किती वगळल्या आणि किती अपेशी ठरल्या हे दाखविणारा छोटा तक्ता तोच. याच साधनाच्या पसाऱ्याचे आणखी एक उगमस्थान फारसे लक्षात घेतले जात नाही. एखादी फाइल दुसऱ्या कार्यक्रमाने अडवून धरली असेल, तर रोबोकॉपी मूळ ठरावाप्रमाणे ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि असे प्रयत्न दहा लक्ष वेळा करते. गुणाकार केल्यास हे तीन कोटी सेकंद, म्हणजे सुमारे ३४७ दिवस होतात. तोवर नोंदीत प्रत्येक प्रयत्नाच्या ओळी साचत राहतात व पुढच्या फाइलींचा बॅकप खोळंबतो. ‘आर’ व ‘डब्ल्यू’ या पर्यायांनी प्रयत्न दोन-तीनांवर व प्रतीक्षा पाच-दहा सेकंदांवर आणणे हा येथे केवळ नोंद आटोपशीर करण्याचा उपाय नव्हे. बॅकप पुरा होण्याचीच ती अट आहे.

साधनाचे पर्याय अपुरे पडले की नको त्या ओळी ‘ग्रेप’सारख्या गाळणीतून गाळण्याकडे वळतात. हा मार्ग सोपा वाटतो, पण त्यात एक खड्डा आहे. प्रत्येक आज्ञा संपताना समाप्ती-अंक मागे ठेवते. ० म्हणजे यश, अन्य अंक म्हणजे काही ना काही अडचण. दोन आज्ञा नळीने जोडल्या असता संपूर्ण जोडीचा अंक शेलमध्ये सामान्यतः शेवटच्या आज्ञेचा धरला जातो. म्हणजे आरसिंक अपयशी झाले तरी स्क्रिप्टला दिसतो तो गाळणीचा अंक. हे टाळण्यासाठी बॅश शेलमध्ये ‘पाइपफेल’ नावाची सोय आहे, व २०२४ च्या पॉझिक्स प्रमाणातही तिचा समावेश झाला आहे; तिच्यामुळे नळीतील कोणतीही आज्ञा अपयशी झाल्यास जोडी अपयशी ठरते. परंतु एवढ्याने काम भागत नाही. गाळून एकही ओळ न उरल्यास ग्रेप १ हा अंक देते. म्हणजे ज्या रात्री सर्व काही सुरळीत झाले व बोलण्यासारखे काहीच उरले नाही, नेमक्या त्याच रात्री बॅकप अपयशी ठरल्याचा गवगवा होतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे संदेश आधी एका तात्पुरत्या फाइलीत घ्यावेत, आरसिंकचा समाप्ती-अंक लगेच एका चलात जपून ठेवावा आणि गाळणी मागाहून चालवावी.

मूळ तत्त्व यातूनच निघते: बोलावयाचे की नाही हा निर्णय संदेशांवरून न करता समाप्ती-अंकावरून करावा. मोअरयूटिल्स या संचातील ‘क्रॉनिक’ हे लहानसे साधन हेच करते. दिलेली आज्ञा ते चालविते, तिचे दोन्ही ओघ धरून ठेवते, अंक ० आला तर सर्व मजकूर टाकून देते आणि अन्य अंक आला तर सर्व मजकूर बाहेर सोडते. त्यामुळे नेहमीच्या रात्री शांतता आणि बिघाडाच्या रात्री संपूर्ण तपशील, असा दुहेरी लाभ होतो.

अर्थात समाप्ती-अंकांचा अर्थ साधनागणिक निराळा असतो. रोबोकॉपीचा अंक ही खुणांची बेरीज आहे: फाइली उतरल्या तर १, लक्ष्यस्थानी जादा फाइली आढळल्या तर २, न जुळणाऱ्या वस्तू असल्या तर ४, काही फाइली उतरल्याच नाहीत तर ८, गंभीर बिघाड असल्यास १६. म्हणून ३ हा अंक दोषाचा नव्हे. ८ पासून पुढे काळजी करावी. शून्येतर प्रत्येक अंक अपयश मानणारी स्क्रिप्ट येथे रोज खोटी हाकाटी करील. आरसिंकमध्ये २३ म्हणजे काही फाइली अडचणीमुळे उतरल्या नाहीत. २४ म्हणजे यादी करताना असलेल्या काही फाइली नक्कल करण्याच्या वेळेपर्यंत नाहीशा झाल्या. वापरात असलेल्या सर्व्हरवर तात्पुरत्या फाइली सतत येत-जात असल्याने २४ हा अंक जवळजवळ नेहमीचाच असतो. आरसिंकबरोबर मिळणाऱ्या पूरक स्क्रिप्टपैकी एक केवळ याचसाठी आहे: ती ‘फाइल नाहीशी झाली’ असे संदेश गाळते व २४ च्या ठिकाणी ० देते. ही सूट देण्यात धोका नाही, कारण दोन्ही प्रकारच्या अडचणी एकदम आल्या असता आरसिंक २३ हाच अंक देते. २३ ला मात्र कधीही सूट देऊ नये. ‘रोज तीच एक फाइल अडते’ अशी सबब असेल, तर त्या फाइलीस वगळण्याच्या यादीत उघडपणे घालावे. म्हणजे उद्या दुसरी फाइल अडली की ती दिसेल.

टपाल शांत केल्यावरही संपूर्ण तपशील कोठेतरी हवाच, कारण तीन आठवड्यांपूर्वी अमुक फाइल उतरली होती काय हा प्रश्न पुढे येतोच. त्यासाठी आरसिंकचा ‘लॉग-फाइल’ व रोबोकॉपीचा ‘लॉग’ हे पर्याय आहेत. पण नोंदी साठू लागल्या की जुन्या नोंदी पुसण्याचे कलम स्क्रिप्टमध्ये येते, आणि राखण्यासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये पुसण्याची आज्ञा प्रवेश करते. क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये जे घडले ते या संदर्भात प्रत्येक विद्यापीठीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथील बॅकपच्या कार्यक्रमात दहा दिवसांहून जुन्या नोंद-फाइली शोधून पुसण्याचे एक कलम होते. पुरवठादाराने त्या स्क्रिप्टमध्ये सुधारणा करताना ती वाचण्यास सुबोध व्हावी म्हणून त्या कलमातील चलाचे नावही बदलले, आणि जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच नवी तिच्या जागी लिहिली. शेल स्क्रिप्ट एकदम न वाचता चालता चालता पुढे वाचत जाते. त्यामुळे अर्ध्यावर नवी वाक्ये वाचली गेली, चल रिकामा राहिला, आणि नोंदींच्या फोल्डराऐवजी संशोधकांच्या साठ्यातील फाइली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट, म्हणजे जवळपास तीन कोटी चाळीस लक्ष फाइली, चौदा संशोधन-गटांच्या. चार गटांची सामग्री परत मिळविता आली नाही. नोंदींची छाटणी बॅकपच्या स्क्रिप्टमध्ये न करता लॉगरोटेटसारख्या स्वतंत्र साधनाकडे सोपवावी, मूल्यच न दिलेल्या चलावर स्क्रिप्ट थांबेल अशी ‘सेट-यू’ची तरतूद करावी, आणि नवी स्क्रिप्ट निराळ्या नावाने लिहून मग जुन्या नावावर सरकवावी, म्हणजे चालू असलेली प्रक्रिया आपली जुनी प्रतच वाचत राहते.

एवढे सर्व केल्यावर एक प्रश्न उरतो. यशाच्या रात्री शांतता असते. स्क्रिप्ट मुळीच चालली नाही त्या रात्रीही शांतताच असते. या दोन शांततांत भेद कसा करावयाचा? गिटलॅब या संस्थेचे ३१ जानेवारी २०१७ चे उदाहरण प्रसिद्ध आहे व संस्थेने त्याची चिकित्सा स्वतःच प्रसिद्ध केली आहे. मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेल्यावर रोजच्या बॅकपचा शोध घेतला, तर साठ्याच्या ठिकाणी काहीच नव्हते. ९.६ आवृत्तीच्या डेटाबेसवर ९.२ आवृत्तीचे साधन चालविले जात असल्याने ते प्रत्येक वेळी अपयशी होत होते. त्या अपयशाची पत्रे निघतही होती. परंतु आवश्यक ती सही नसल्यामुळे टपाल-सर्व्हर ती नाकारीत होता. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणाने घेतलेली एक प्रत होती म्हणून हानी तेवढ्यावर निभावली. येथे संदेशांचा पसारा नव्हता. बोललेले कोठे पोहोचत नव्हते, आणि न पोहोचल्याचे कोणाला कळत नव्हते.

यावरील तोडगा फार साधा आहे. स्क्रिप्टने आरंभी मूळ ठिकाणी एका लहान फाइलीत त्या क्षणाची तारीख व वेळ लिहावी. ही फाइल इतरांबरोबर आरसिंकमार्फत लक्ष्यस्थानी जाते. ती तेथे दिसली म्हणजे वाहतूक खरोखरच झाली हे सिद्ध होते. समाप्ती-अंक ० आला, किंवा वर सांगितल्याप्रमाणे सूट मिळून ० झाला, तरच स्क्रिप्टने दुसरी अशी फाइल स्वतंत्रपणे तेथे पाठवावी. ती काम पुरे झाल्याची खूण होय. या दोन्ही फाइलींचे वय तपासण्याचे काम लक्ष्यस्थानच्या संगणकाने करावे, मूळ संगणकाने करू नये. कारण मूळ संगणक बंद पडला असेल तर तो आपल्या बंद पडण्याचे निवेदन करू शकत नाही. रोजच्या बॅकपसाठी वयाची मर्यादा २४ तास न ठेवता २६ तासांच्या आसपास ठेवावी. नेमके २४ ठेवल्यास एखाद्या रात्री काम दहा मिनिटे लांबले तरी इशारा निघेल, आणि अशा चार-पाच इशाऱ्यांनंतर तोही न वाचता बाजूला सारला जाऊ लागेल.